मदतशास्त्राची अंबाडी शाखा

परदेशात भूकंप झाला असता घरबसल्या करावयाच्या मदतीचे शास्त्र, म्हणजे ज्यात पीडिताची गरज गौण आणि दात्याच्या कपाटातील अडगळ प्रधान मानली जाते ते शास्त्र, महाराष्ट्रात सर्वत्र रूढ असले, तरी भिवंडी-वाडा रस्त्यावरील अंबाडी नाका त्याच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. कारण येथे छोटा हत्ती भाड्याने मिळतो, फ्लेक्स रातोरात लागतो आणि वज्रेश्वरीला निघालेली गर्दी प्रेक्षक म्हणून फुकट मिळते.

या शास्त्राचे मुख्य द्रव्य जुने कपडे होत. ज्या तालुक्यात यंत्रमाग रात्रंदिवस कापड विणतात, त्याच तालुक्याने हिमालयातील बेघरांसाठी फॉल सुटलेली साडी, स्वतःच्या लग्नानंतर पोटावर न बसलेली शेरवानी आणि एका पायाचा बूट (दुसरा बहुधा पुढच्या भूकंपासाठी राखलेला) काढून द्यावा, यातील त्याग सामान्य बुद्धीला कळत नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशाच त्यागाचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. आपत्ती व्यवस्थापनात यास ‘दुसरी आपत्ती’ म्हणतात; न मागितलेला माल गोदामे, वाहने आणि कामाचे हात अडवून बसतो, तेव्हा ती घडते. 25 एप्रिल 2015 रोजी नेपाळात 7.8 परिमाणाचा भूकंप होऊन सुमारे 9,000 माणसे दगावली, तेव्हा काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच होती आणि तीही खचू लागल्याने मोठी विमाने थांबवावी लागली. डोंगरातील लोकांना हवे होते ते पावसाळ्यापूर्वी डोक्यावर घालायला पत्रे आणि ताडपत्री. शेरवानीची मागणी कोठेही नोंदलेली नाही.

ज्यांना कपड्यांवर समाधान नसते, ते स्वतः जाण्यास निघतात. ढिगाऱ्याखालील माणूस जिवंत मिळण्याची आशा मुख्यतः पहिल्या 72 तासांत असते आणि अंबाडीत तेवढा वेळ फ्लेक्सवरील फोटोंचा क्रम ठरविण्यातच जातो. फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तानात सहा वर्षांच्या मुलीचा ठाव लावला तो राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रोमिओ आणि ज्युली या श्वानांनी. त्यांना फ्लेक्सची आवश्यकता भासली नाही. याच दलाला सप्टेंबर 2020 मध्ये भिवंडीत यावे लागले होते, कारण जिलानी इमारत कोणत्याही भूकंपाची वाट न पाहता कोसळली आणि अनेक जण गेले. त्यानंतर तालुक्यात जीर्ण इमारतींसाठी वर्गणी फिरल्याचे मात्र ऐकिवात नाही.

दूरच्या भूकंपाला रोख पैसा, तोही तेथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला, ही मदत सर्वांत उपयोगी, पण तिचा फोटो निघत नाही, म्हणून ती मागे पडते. दुसरी त्याहून जवळची आहे. 2015 च्या भूकंपाचे केंद्र गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ होते आणि ‘गुरखा’ हा शब्द त्याच गोरख्यावरून आला. रस्त्याकडेच्या गोदामाच्या फाटकावर रात्रभर शिट्टी फुंकणाऱ्या नेपाळी रखवालदाराचे घर पडले असेल, तर त्याला भरपगारी रजा, हातखर्चाचे पैसे आणि परतल्यावर तीच नोकरी मिळेल असा शब्द मालकाने द्यावा. कुशीनगर एक्सप्रेस कल्याणला थांबते. गोरखपूरला उतरले की सुनौलीच्या सीमेपर्यंत बस मिळते.