खो

आमच्या हायस्कूलच्या शिक्षकखोलीत बसायची एक पद्धत आहे. कुणाचं तोंड खिडकीकडे, शेजारच्याचं कपाटाकडे, त्याच्या पलीकडच्याचं पुन्हा खिडकीकडे. मुख्याध्यापक आत आले की सगळ्या माना वह्यांमध्ये आणखी दोन बोटं खाली जातात. कारण ते कुणाच्या तरी पाठीमागे येऊन थांबणार आणि खांद्यावर हात ठेवणार, हे ठरलेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच सोमवारी तो हात माझ्या खांद्यावर पडला.

"पी.टी.च्या सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. सहा आठवडे मैदानाचे तास तुमच्याकडे."

"सर, मी मराठी शिकवतो."

"म्हणूनच. कवायतीला आवाज लागतो."

मी आजूबाजूला पाहिलं. गणिताच्या सरांनी छातीवर हात ठेवला होता. इंग्रजीच्या सरांच्या ड्रॉवरमधून डॉक्टरांची फाइल कधीच टेबलावर आली होती. अशा प्रसंगासाठी ती तिथेच असते म्हणे. विज्ञानाच्या मॅडमना प्रदर्शन होतं. वर्षभर त्यांना प्रदर्शन असतं. मराठीत 'खो घालणं' वेगळं आणि 'खो देणं' वेगळं, हा फरक मी नववीला दरवर्षी समजावून सांगतो. त्या दिवशी मला दोन्ही एकदम मिळाले.

आता माझी क्रीडाक्षेत्रातली पार्श्वभूमी. शाळेत असताना मैदानावर माझ्याकडे एक कायमचं पद होतं, चपला राखण्याचं. कडुनिंबाखाली चाळीस जोड आणि मधोमध मी. दर जूनमध्ये वडिलांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून 'श्वासाची तक्रार, मैदानी श्रम टाळावेत' अशी चिठ्ठी आणायचो. तक्रार खरी होती, फक्त ती श्वासाची नव्हती. कबड्डीत मला दोन्ही संघ एकमेकांना आग्रहानं देऊ करत.

पहिल्या तासाला सातवीचा वर्ग रांगेत उभा केला आणि गळ्यातली नवी कोरी तीस रुपयांची शिट्टी फुंकली. आवाज आला तो चहाच्या आधणासारखा. पुढच्या रांगेतला एक पोरगा सहानुभूतीनं म्हणाला, "सर, जीभ मागं घ्या. आन् एकदम सोडा." जीभ मागे घेऊन एकदम सोडल्यावर मात्र शालेय पोषण आहाराची खिचडी ढवळणाऱ्या मावशी पळी घेऊन बाहेर आल्या.

कवायतीच्या आज्ञा आमच्याकडे हिंदीत देतात. मी आदल्या रात्री त्या तळहातावर लिहून आणल्या होत्या. "सावधान" आणि "विश्राम" उत्तम पार पडले. "दहिने मूड" म्हणालो आणि सोबत स्वतःही वळून दाखवलं. मी मुलांसमोर तोंड करून उभा, त्यामुळे माझा उजवा तो त्यांचा डावा, हे माझ्या लक्षात यायच्या आत अर्धा वर्ग माझ्या शब्दाप्रमाणे आणि अर्धा माझ्या कृतीप्रमाणे वळला. दोन्ही अर्धे समोरासमोर आले आणि हसू लागले. "पीछे मूड"ला उजव्या पायाची टाच आणि डाव्या पायाचा चवडा यांवर गिरकी घ्यायची असते. मी नेमकी उलटी जोडी निवडली आणि माझे दोन पाय जोडाक्षर होऊन बसले.

तरी धीर करून "तेज चल" म्हटलं. वर्ग निघाला. काय सुरेख निघाला! पी.टी.च्या सरांनी दोन वर्षं घोटून घेतलेलं संचलन ते. एकही हात पुढेमागे नाही. मी कौतुकानं पाहत राहिलो, आणि रांग मैदानाच्या टोकाला पोचल्यावर ध्यानात आलं की थांबवण्याचा शब्द मला आठवत नाही. तळहात पाहिला. घामानं शाई गेली होती.

"थांबा!" मी ओरडलो. कुणी थांबलं नाही. "पुरे!" "बास!" "अरे, उभे राहा!" शेवटी तोंडातून "पूर्णविराम!" असंही निघालं. पण त्या मुलांवर झालेले संस्कार पक्के होते, आज्ञा असेल तरच थांबायचं. कुंपण तुटलेलं होतं, पलीकडे गावातल्याच एका शेतकऱ्याचा ऊस. पहिल्या चार ओळी शिस्तीत उसात शिरल्या. मी मागून पळत होतो. उसातून एक-दो, एक-दो असा आवाज येत होता आणि हळूहळू लांब चालला होता. तेवढ्यात बांधावर शेळ्या चारणाऱ्या आजोबांनी काठी वर करून खणखणीत आवाजात "थम!" म्हटलं. उसातून एकाच वेळी पंचेचाळीस पाय आपटल्याचा आवाज आला. आजोबा पलटणीतून निवृत्त झालेले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, सोडायच्या आधी थांबवायचं शिकावं."

मुलं परत आली ती प्रत्येकाच्या हातात एकेक कांडं घेऊन. त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

दुसऱ्या आठवड्यात शारीरिक क्षमतेच्या चाचण्या होत्या. उंची, वजन, पन्नास मीटर धावणं, सहाशे मीटर धावणं, बसून पुढे वाकणं, वगैरे. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. उदाहरण म्हणून फळ्यावर माझाच हिशेब केला. अठ्ठावन्न किलो, एकशे अडुसष्ट सेंटिमीटर, उत्तर साडेवीस. तक्त्याप्रमाणे मी अगदी सुदृढ निघालो. ते खोडून काढायला पुढची दहा मिनिटं पुरली. पाय लांब करून बसलो, पुढे वाकलो, आणि माझी बोटं गुडघ्याशी येऊन थांबली. तिथून पुढे पायाच्या अंगठ्यापर्यंतचा प्रदेश मी लहानपणी पाहिला होता, तेवढाच. एका मुलीनं विचारलं, "सर, सुरू करा ना." मी केव्हाच संपलो होतो.

मग खो-खो. इथे मात्र मी निश्चिंत होतो, कारण हा विषय वाचून शिकवता येण्यासारखा आहे असं मला वाटलं. आठवीला मी पूर्ण दोन तास वर्गातच बसवलं. फळ्यावर मैदान काढलं, सत्तावीस मीटर बाय सोळा मीटर. आठ जण आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो, बचाव करणारे तिघातिघांच्या तुकडीनं आत येतात, पाळी नऊ मिनिटांची. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं नियम कसे बांधले ते सांगितलं. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ कसे दाखवून आलं, तेही रंगवून सांगितलं. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. मला वाटलं, बर्लिनबद्दल शंका असेल.

"सर, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. मुलींनी फायनलला नेपाळला ७८-४० नं हरवलं. कॅप्टन प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचीच."

"छान. बस."

"सर, खेळायचं कधी?"

मैदान आखायचं काम मी स्वतः अंगावर घेतलं. मोठा टेप क्रीडासाहित्याच्या खोलीत होता आणि किल्ली पी.टी.च्या सरांच्या खिशात, खिसा दवाखान्यात. म्हणून पावलं मोजून फक्की मारली. एका बाजूनं चालताना मी ताजातवाना होतो, दुसऱ्या बाजूनं दमलेलो, त्यामुळे पावलांची लांबी बदलली आणि मैदानाला चार कोपऱ्यांत चार वेगळे कोन आले. शिपाईमामा खुंटांसाठी खड्डे घेत होते. म्हणाले, "सर, दोन हात खोल जाऊ द्या." मी म्हटलं, "मामा, आपल्याला काय घर बांधायचंय? अर्धा हात पुरे." तास चालू व्हायला दहाच मिनिटं होती.

डाव सुरू झाला. एक जण गैरहजर होता, म्हणून मीच चौकोनात बसलो. पाठीवर थाप पडली, "खो!" मी उठलो. एका दमात नव्हे, हप्त्याहप्त्यानं. समोर ती विश्वचषकवाली मुलगी. ती डावीकडे झुकली, मी डावीकडे निघालो, ती उजवीकडे गेली. आता गंमत अशी की पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडेही जाता येत नाही. खुंटाला वळसाच घालावा लागतो. पळणाऱ्याला मात्र सगळं रान मोकळं. हा नियम मी फळ्यावर तीनदा लिहून दिला होता. पायांना तो कुणी सांगितला नव्हता. मी वळसा घालून या बाजूला आलो की ती दोन पोरांच्या मधून त्या बाजूला. तिला पळायची गरजच नव्हती. एकदा तर तिनं मधे थांबून रिबन बांधली.

"सर, खो द्या ना कुणाला तरी!" बसलेली पोरं कळवळून ओरडत होती. पण खो देण्यासाठी बसलेल्याच्या पाठीमागून जाऊन त्याला शिवावं लागतं, शिवतानाच खो म्हणावं लागतं, आणि मला दोन्ही एका वेळी जमत नव्हतं. शिवायचो तेव्हा धाप लागलेली असायची, शब्द फुटेपर्यंत तो पोरगा दोन हात मागे पडलेला.

चौथ्या फेरीला ती खुंटापाशी जरा रेंगाळली. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. एका हातानं खुंट धरून, अंग पुढे झोकून गडी टिपायचा, याला खुंट मारणं म्हणतात. तो मी मारला. हात खुंटावर घट्ट बसला, अंग हवेत गेलं, बोटं तिच्या ओढणीपासून वीतभर लांब राहिली, आणि त्या क्षणी अर्ध्या हाताच्या खड्ड्यानं खुंट सोडून दिला. मी खुंटासकट पडलो. तोंडात फक्की गेली. उजवा गुडघा कुठेतरी वेगळाच पडला असावा असं वाटलं. डोळे उघडले तेव्हा खुंट माझ्या खांद्यावर होता आणि भोवती उभी असलेली आठवी हात जोडण्याच्या बेतात होती.

"सर," ती मुलगी वाकून म्हणाली, "खुंट हातात घेऊन पळाला तर फाऊल धरतात का?"

दवाखान्यात पी.टी.चे सर शेजारच्या खाटेवर होते. त्यांचा डावा, माझा उजवा. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त तोंड भिंतीकडे केलं आणि त्यांची खाट बराच वेळ हलत राहिली. डॉक्टरांनी मला चिठ्ठी लिहून दिली, 'मैदानी श्रम टाळावेत.' तीस वर्षांपूर्वी हीच चिठ्ठी पुढच्या वर्गात गेल्यावर दरवेळी नवी करून घ्यावी लागे.

चौथ्या दिवशी लंगडत शाळेत गेलो, तर कार्यालयातले भाऊसाहेब जडवस्तू संग्रह नोंदवही उघडून बसलेले. खो-खोचा खुंट, नग दोन, पैकी एक तडकलेला. कारणाचा रकाना भरल्याशिवाय नोंद पुढे जात नाही.

"काय लिहू? वापरामुळे झीज?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं, टीप कागद ठेवला, चष्म्यावरून माझ्या बँडेजकडे पाहिलं.

"खुंट 'दुरुस्तीयोग्य' मध्ये घेतोय," ते म्हणाले. "तुम्हाला कशात घेऊ?"