शेकोटीभोवतीची सर्वसाधारण सभा

डिसेंबरातला रविवार, सकाळचे साडेसहा. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनने बदामाची पानं गोळा करून शेकोटी पेटवली होती. धूर पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत पोचून तिथंच मुक्काम ठोकून बसला होता. त्या धुरातून दुसऱ्या मजल्यावरचा पर्यावरणप्रेमी तरुण प्रकटला. हातात बांबूचा ब्रश, तोंडात फेस.

"हे बेकायदेशीर आहे! हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातलीय. ५,००० रुपये दंड आहे!"

"पानं दवानं वली झाल्ती सायेब, धरंनात," वॉचमन म्हणाला. "मग तुमच्याच खोक्यानं जाळ धरला."

खरंच, शेकोटीत एक पुठ्ठा अर्धा जळाला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर 'पर्यावरणपूरक रजई' एवढी अक्षरं शाबूत होती. सोबतचं फुगेवालं प्लास्टिक केव्हाच धुरात सामील झालं होतं.

"धूर वर का जात नाही, ठाऊक आहे?" कानटोपीतून आवाज आला. हे निवृत्त इंजिनिअर. त्यांना कुणी काही विचारावं लागत नाही. "थंडीत रात्री जमीन आधी गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड. वर उबदार हवेचं झाकण. धूर झाकणाखाली अडकतो. ऊन चढलं की सुटेल."

"तोवर माझ्या फुफ्फुसात राहील," तळमजल्यावरच्या आजी पदर नाकाला लावत म्हणाल्या.

"आजी, म्हणून तर मी सगळं शाश्वत वापरतो," तरुण म्हणाला.

"आंघोळ झाली?"

"गिझर लावून आलोय. साडेपाचला."

इंजिनिअरांचे डोळे चमकले. "किती लिटरचा?"

"पंचवीस."

"म्हणजे २० अंशांचं पाणी ५५ वर न्यायला साधारण एक युनिट. दोन हजार वॅटचा गिझर ते अर्ध्या तासात करतो. उरलेला अर्धा तास तो बिचारा तापलेलं पाणी निवू नये म्हणून राबतोय. आणि एवढं तापवून तुम्ही त्यात गार पाणी मिसळणार, कारण अंगाला चाळीसच सोसतं."

"पण ब्रश बांबूचा आहे," तरुण म्हणाला.

"आमच्या वाड्यात बंब होता," आजींनी संधी साधली. "वीज नाही, बिल नाही."

"जाळ मधल्या नळीतून जायचा, चारी बाजूंनी पाणी, रचना उत्तमच! पण करवंट्या नि लाकडं जळायची. धूर कुठं जायचा?"

"डोळ्यांत," आजींनी कबूल केलं. "पण राख भांड्यांना व्हायची. आता तुमचं ते सोलर! गच्चीवरून पाणी माझ्यापर्यंत येईतो आधी बादलीभर गारच येतं. मी बादली लावून धरते, फडकी धुते. वरचे सगळे मोरीत सोडतात. आणि हल्ली त्या बादलीनंतरही गारच येतं."

"आजी, हळू!" सेक्रेटरी मफलर आवळत धावत आले. "त्या सोलरवर मिळकतकरात सवलत घेतो आपण!"

पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत किंवा पर्जन्यजल संधारण केलेल्या मिळकतींना करात ५ ते १० टक्के सवलत देते. प्रकल्प चालू असावा, अशी तिची अपेक्षा असते. सवलत मात्र न चुकता चालू राहावी, अशी सेक्रेटऱ्यांची.

"तुमी सगळे बोलताय," वॉचमन म्हणाला, "पर थंडी मला वाजतीया."

सभा गप्प झाली. रात्रभर फाटकावर बसणाऱ्याचा विषय पत्रिकेवर नव्हता.

"दिल्लीत प्रदूषण वाढलं की सोसायट्यांना सांगतात, राखणदारांना विजेचे हीटर द्या," तरुण म्हणाला.

"हजार वॅट, आठ तास, आठ युनिट," इंजिनिअर. सेक्रेटऱ्यांना तिथंच घाम फुटला.

"मग माझी रजई घ्या. जुन्या बाटल्यांपासून बनवलीय!"

"म्हंजी पलास्टिकच की! ठिणगी पडली तर अंगाला चिकटायची."

"घोंगडी आणा," आजी म्हणाल्या. "दख्खनी मेंढीच्या लोकरीची. दवानं भिजली तरी ऊब सोडत नाही."

राहता राहिली पानं. तरुणाने फोनवर खतयंत्र शोधायला घेतलं. वॉचमनने काठीने जाळ पसरवला, वर पाणी मारलं आणि म्हणाला, "गावाकडं आमी आता उसाचं पाचट जाळत न्हाई. सरीतच कुजवतो. तारंची जाळी गोल उभी करा, पानं दाबून भरा, वर शेणपाणी शिंपडा. वल ऱ्हायली पायजे. चार-सा म्हैन्यांत माती हुती."

शहाणपण पंधरा फुटांवर केबिनमध्ये बसून होतं आणि सोसायटी ते ऑनलाइन मागवत होती! पुण्यात 'ब्राऊन लीफ' उपक्रम वाळकी पानं असणाऱ्यांची आणि बागेसाठी ती हवी असणाऱ्यांची गाठ घालून देतो, म्हणजे जाळीत न मावणाऱ्या पानांनाही गिऱ्हाईक आहे.

दहा वाजता फलकावर सूचना लागली: घोंगडी एक, जाळ्या दोन. गिझर आंघोळीआधी अर्धा तासच लावावा. खोकी भंगारवाल्याकडे द्यावीत. सोलर दुरुस्तीचा विषय पुढील सभेत.

पुण्यात पानगळ मार्चपर्यंत चालते. ज्यांच्या फाटकाशी अजून काडेपेटीच ठेवलेली आहे, त्यांनी याच आठवड्यात जाळी आणावी. आणि आधी वॉचमनला घोंगडी द्यावी.