सर्व्हर डाऊन हाये, मावशी!

नांदगाव पेठच्या टोलनाक्यावर यंत्र कधी रुसत नाही. काचेवरचा फास्टॅग ते लांबूनच ओळखतं, दांडी वर जाते आणि गाडी तिवस्याच्या दिशेला लागेस्तोवर पैसे कापल्याचा मेसेज खिशात वाजतो. फेब्रुवारी २०२१ पासून हा फास्टॅग सक्तीचा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात महामार्ग प्राधिकरणानं फर्मान काढलं, की गर्दीच्या वेळीही एका गाडीला १० सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत. ‘आज सर्व्हर डाऊन आहे, तुम्ही तसेच जा’ असं नाक्यावर कुणी हात जोडून सांगितल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

आता महामार्ग सोडा आणि गावातल्या कुठल्याही ऑनलाइनवाल्याच्या दुकानात डोकावा. बाकावर मायमाऊल्या बसलेल्या. प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आधार, पासबुक आणि नवऱ्याचा मोबाइल.

“मावशी, ओटीपी आला का?”

“आला ना बाप्पा. पाह्य ना.”

“हा कालचा हाये. आजचा पाह्यजे.”

“मंग कालचाच टाक ना. तो का शिया झाला?”

या प्रश्नाला संगणकशास्त्रात उत्तर नाही. शिया झालेलं अन्न ढोराला तरी घालता येतं, शिया ओटीपी कुणालाच चालत नाही. तोवर पडद्यावर चाक गरगर फिरतं, लाल अक्षरांत ‘काहीतरी चुकले आहे’ असं उमटतं. काय चुकलं ते सांगायची रीत नाही. पोरगा मान वर न करता म्हणतो, “सर्व्हर डाऊन हाये मावशी, रात्री बारानंतर या.” लाइट नव्हती म्हणावं तर तेही जमत नाही, कारण याच नांदगाव पेठच्या एमआयडीसीत १३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या बायकांना ई-केवायसी सक्तीची झाली. महिन्याचे १५०० रुपये चालू राहायचे तर स्वतःच्या आधारचा ओटीपी आणि वर नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारचा ओटीपी. सोपं वाटतं ना? आता जिचा नवराही गेला आणि बापही गेला, तिनं काय करायचं? संकेतस्थळ बांधणाऱ्याच्या डोक्यात विधवा नावाची बाई आलीच नव्हती. ओरड झाल्यावर मृत्यूचे दाखले अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय निघाली. तोवर त्या बायका स्वर्गातून ओटीपी येण्याची वाट पाहत होत्या म्हणायचं.

खरी कमाल पुढं आहे. अर्जात घोषणेचं एक लांबलचक वाक्य होतं. अर्थ असा, की माझ्या कुटुंबातलं कुणी सरकारी नोकरीत कायम नाही आणि निवृत्तिवेतनही घेत नाही. खाली दोन गोल : होय आणि नाही. आता वऱ्हाडातल्या बाईला विचारा, घरात कोणी सरकारी नोकरीत हाये का? ती छाती ठोकून सांगेल, “नाई बाप्पा, नोकरी कायची अन् काय!” तिनं ‘नाही’वर बोट ठेवलं, की ‘नोकरीत नाही असं नाही’, म्हणजे झाली की सरकारी कर्मचाऱ्याच्या घरची! एवढ्या झटपट सरकारी नोकरी एमपीएससीची पोरं पुण्यात दहा वर्षं खोल्या करून राहिली तरी मिळत नाही. राज्यभर लाखो बायकांची अशी बिनपगारी भरती झाली आणि मग खरं काय ते पाहायला अंगणवाडी सेविकांना दारोदार फिरावं लागलं. एका वाक्यातला नकार काढला असता तर एवढी पायपीट वाचली असती. पण वाक्य लिहिणाऱ्याला कुणी नोटीस दिल्याचं काही वाचनात आलं नाही. चूक कुणाची? तर बोट ठेवणारीची.

वावरातही हेच. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली. आपलं पीक आपणच सातबाऱ्यावर चढवायचं, वावरात उभं राहून फोटो काढायचा. कल्पना उत्तमच आहे, कारण आधी तलाठी गावात बसून कुठलं पीक लिहील याचा नेम नसे. पण वावरात रेंज नाही. धुऱ्यावर रेंज आली, तर तिथं जीपीएस म्हणतं तुम्ही गटाच्या बाहेर आहात. आजोबांपासून जी जमीन कसली, तिच्यात पऱ्हाटीला हात लावून उभ्या असलेल्या माणसाला उपग्रह सांगतो, की बावा, तू परक्याच्या वावरात घुसला. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, हमीभावानं कापूस द्यायचा तरी ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी. लांब धाग्याचा भाव क्विंटलला ८११० रुपये होता, पण तो धागा ॲपच्या नेढ्यातून ओवल्याशिवाय हाती लागत नव्हता.

यावरचे उपाय तर तुम्हाला पाठच आहेत. फोन बंद करून चालू करा. कॅशे साफ करा. ॲप डिलीट मारून पुन्हा टाका. दुसऱ्या मोबाइलवर पाहा. या सगळ्या उपायांत दुरुस्ती नेहमी रांगेतल्या माणसाची होते, संकेतस्थळ मात्र जसंच्या तसं. ते बांधणारा वातानुकूलित खोलीत, मोठ्या पडद्यावर, धो धो इंटरनेटवर तपासून पाहतो आणि म्हणतो, माझ्याकडं तर चालतंय. चालणारच! त्याच्याकडं नवरा जिवंत आहे, नाव आधारवर आणि पासबुकावर एकाच स्पेलिंगनं आहे आणि निंदून निंदून बोटांच्या रेषाही पुसल्या गेलेल्या नाहीत.

तेव्हा मुंबईतल्या साहेबांना हात जोडून एवढंच सांगणं : पुढचा आदेश काढण्याआधी त्या संकेतस्थळवाल्याला एक दिवस इकडे धाडा. हातात चार वर्षं जुना, काच तडकलेला मोबाइल द्या, ऑनलाइनवाल्याच्या बाकावर बसवा आणि त्याला स्वतःचाच अर्ज भरायला लावा. अर्ज पूर्ण झाल्याची पावती निघेस्तोवर त्याला परत बोलावू नका.