उष्णता झाली असेल

कुत्रा खाजवायला लागला की मराठी घरात पहिलं निदान ठरलेलं असतं: उष्णता. माणसाला तोंड आलं तरी उष्णता, पोराचं अभ्यासात लक्ष लागेना तरी उष्णता, मग लॅब्रॅडोरनेच काय घोडं मारलंय? आमच्या मजल्यावरचा सिंबा पंजे चाटू लागला, तेव्हा दारादारातून निदानं आली आणि सगळी उष्णतेच्याच पोटशाखा निघाली. कुणी पाण्यात सब्जा घाला म्हणालं, कुणी चिकन तोडा. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी करंजेल सुचवलं. हे गृहस्थ एरवी सिंबा दिसला की जिना बदलतात, पण सल्ला द्यायला जवळ जावं लागत नाही.

मग हळद आणि खोबरेल. सिंबा पिवळा झाला, सोफा त्याहून पिवळा झाला, खाज होती तिथेच. ‘पी हळद हो गोरी’ ही म्हण थट्टेची आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसावं.

पुढची पायरी मेडिकल. काउंटरवरच्या मुलाने कुत्र्याचा फोटो मोबाइलवर पाहिला आणि एक ट्यूब पुढे केली. तिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असे तिघे एकत्र नांदत होते. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असं सरकारने 2018 मध्ये बजावलं. पण ते माणसांसाठी, कुत्र्याला कोण विचारतो? सिंबाने मलम लावल्या लावल्या चाटून साफ केलं. औषध पोटात गेलं, त्यामुळे घरच्यांनाही कर्तव्य केल्याचं समाधान मिळालं.

मध्ये एक ग्रूमरही येऊन गेला. त्याने बाळांचा शाम्पू वापरला, कारण तो ‘सौम्य’ असतो. माणसाची कातडी आम्लधर्मी, कुत्र्याची त्या मानाने उदासीन, तेव्हा बाळाला सौम्य ते सिंबाला सौम्य असेलच असं नाही. पण सिंबाला त्या घरात ‘बाळा’ म्हणतात, त्यामुळे ग्रूमरला तरी दोष कसा द्यायचा?

आता डॉक्टर. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून उभं आहे, म्हणजे परंपरा काही कमी नाही. पण पदव्युत्तर शिक्षणात मेडिसिन, सर्जरी, प्रसूतिशास्त्र असे सवतेसुभे, आणि कातडी बिचारी मेडिसिनच्या पदरात. अमेरिकेत प्राण्यांच्या त्वचारोगतज्ज्ञांचं वेगळं कॉलेज आहे, त्याची वेगळी परीक्षा आहे. आपल्याकडे गल्लीगल्लीत माणसाच्या केसांचं क्लिनिक. सिंबाच्या केसांसाठी मात्र त्याच डॉक्टरकडे जायचं, जो सकाळी मांजराचं सिझेरियन करतो आणि संध्याकाळी पोपटाची चोच कापतो. या माणसाबद्दल मला आदरच आहे. त्याच्या बोर्डावरचा ‘स्किन स्पेशालिस्ट’ हा शब्द ‘बोर्डिंग’ आणि ‘एक्स-रे’ यांच्या मधे कोंबलेला असतो, एवढंच.

त्याने एक इंजेक्शन दिलं आणि खाज गायब! पंधरवडाभर डॉक्टर देवमाणूस ठरले. सिंबा बादलीभर पाणी पिऊ लागला, शेजारच्यांच्या पायपुसण्यावर हक्क सांगू लागला, भुकेने फ्रिजसमोर धरणं धरून बसला. इंजेक्शनातलं स्टेरॉइड हे सगळं करतं. घरच्यांना वाटलं, तब्येत सुधारतेय. पंधरवडा सरला, खाज परतली, पुन्हा इंजेक्शन. हे चक्र इतकं सुरळीत चाललं होतं की मोडायची कुणाला इच्छाच नव्हती.

अखेर कुणीतरी खऱ्या जाणकार डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. त्या त्वचेचंच काम करतात म्हणून तारीख उशिराची. गेल्यावर त्यांनी आधी प्रश्नच विचारले, तेही इतके की सिंबाच्या मम्माला आपणच आरोपी आहोत असं वाटू लागलं. मग त्यांनी कानाची कड बोटांत धरून चोळली आणि मागचा पाय आपोआप खाजवायला हलतो का ते पाहिलं. हलला तर खरजेचा संशय. केसांतली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टेकवून बघितली, तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा. ब्लेडने कातडी रक्त डोकावेपर्यंत खरवडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. किडे नाहीत, बुरशी नाही.

‘मग रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट करूया ना,’ घरचे साहेब म्हणाले. रंगीत आलेख असलेला रिपोर्ट हातात आल्याशिवाय त्यांना आजार झाल्यासारखा वाटत नाही. बाई म्हणाल्या, ती टेस्ट धडधाकट कुत्र्यातही पॉझिटिव्ह येते, निदान तिच्यावरून होत नाही. ॲलर्जीची लस करायची ठरली, तर लशीत काय घालायचं ते ठरवायला ती कामाची. आधी आठ आठवडे एकच खाणं, पूर्वी कधी न खाल्लेलं. बाकी काही नाही. बरं वाटलं, की जुनं खाणं पुन्हा द्यायचं आणि खाज येते का पाहायचं.

‘म्हणजे बरं झाल्यावर मुद्दाम आजारी पाडायचं?’ साहेबांनी विचारलं. ‘आणि इंजेक्शन?’

इंजेक्शन नव्हतं. फी मात्र होती.

आठ आठवडे एकच खाणं! एकादशीला दुप्पट खाणाऱ्या घरात हे व्रत पाळायचं होतं. सिंबाला मासे आणि रताळं ठरलं. पण आजी सकाळचा चहा बिस्किटाशिवाय घेत नाहीत, आणि सिंबाशिवाय बिस्किट खात नाहीत. गव्हामुळे ॲलर्जी होते हे त्यांना सांगून पाहिलं. ‘आमच्या वेळी कुत्री भाकरीवर जगायची,’ एवढंच उत्तर आलं. वॉचमनच्या डब्यातलं पाव-अंडं तर हिशेबातच नव्हतं. त्यात गणपती आले. प्रसाद नाकारण्याचा अधिकार कुत्र्यालाही नाही, असं घरात ठरलं.

मुदत संपल्यावर बाईंनी कागद पुढे केला: खाज शून्य ते दहापैकी किती? आजींनी दोन लिहिले, नातवाने नऊ, साहेब म्हणाले सरासरी काढा.

‘ठरलेल्याशिवाय काही दिलं?’ बाईंनी विचारलं.

‘छे, काहीच नाही,’ तिघे एका सुरात म्हणाले.

बाईंनी चिठ्ठीवर ‘पुन्हा पहिल्यापासून, आठ आठवडे’ एवढंच लिहिलं.

पार्किंगमध्ये गाडीचं दार लावता लावता साहेब म्हणाले, ‘बाई हुशार आहेत, पण हाताला गुण नाही.’ आणि जुन्या डॉक्टरांना फोन लावला.