एकास बहात्तर

पुण्यात, नाशकात, डोंबिवलीत अशी माणसं हमखास सापडतात. दिसायला निवृत्त, बोलायला मोजकी. हॉलमधल्या ज्या काचेच्या कपाटात इतरांकडे मुलांचे कप आणि कुणीतरी दिलेला ताजमहाल असतो, तिथे यांच्याकडे भारतीय हवाई दल असतं. एकास बहात्तर या प्रमाणात. म्हणून आपण त्यांना बहात्तरवाले म्हणू. खऱ्या मिग-२१ चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वासात मीटरच्या आत-बाहेर भरतात. बहात्तरवाल्यांच्या मिगचे जेमतेम दहा सेंटीमीटर. हे प्रमाण एकदा अंगात मुरलं की आलेल्या पाहुण्याकडेही ते हा कॉकपिटात मावेल का, याच नजरेने बघतात.

या मंडळींत दोन पंथ आहेत, ओले आणि सुके. विमानावरची निशाणं आणि आकडे ओला पंथ पाण्यात भिजवून विमानावर सरकवतो. वाकडं बसलं तर ब्रशाने ढकलता येतं, दुपारभर ढकलत बसता येतं. सुक्या पंथाला ही सवलत नाही. अक्षरं पारदर्शक कागदाच्या मागे उलटी छापलेली, त्यांवर मेणचट गोंदाचा पातळ थर. कागद विमानावर ठेवायचा, वरून घासायचं. अक्षर कागदाला सोडून विमानाला धरतं. धरलं की धरलं. ओल्या पद्धतीत अक्षराभोवती एक पारदर्शक पापुद्रा राहतो आणि त्याखाली हवा अडकली की तो चकाकतो. सुक्यात पापुद्राच नसतो, अक्षर रंगवल्यासारखं दिसतं. हा फरक सांगताना बहात्तरवाल्यांचा आवाज खाली येतो. घरातल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात रोज गफलत करणारा हा गृहस्थ या ओल्या-सुक्यात मात्र कधी चुकत नाही.

सुक्या पंथाचा बहात्तरवाला बहुतेक वेळा कुठल्यातरी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून आलेला असतो. लेट्रासेट या लंडनच्या कंपनीने १९६१ च्या सुमारास अशी घासून उमटवायची अक्षरं बाजारात आणली आणि पुढची काही दशकं ड्राफ्ट्समन मंडळींनी नकाशांची शीर्षकं तीच घासून सजवली. इंग्रजी ‘ई’ सगळ्यांत आधी संपायची. मग ‘एफ’ लावायचा आणि त्याच्या पायाशी दुसऱ्या कुठल्यातरी अक्षराची आडवी रेघ कापून जोडायची. अशा जोडलेल्या ‘ई’ घेऊन कैक यंत्रं गिऱ्हाइकाकडे गेली आणि नीट चाललीसुद्धा. मग कॉम्प्युटर आला, अक्षरं गेली, पण मनगटातला दाब कुठे जाणार? तो विमानांवर आला.

हल्ली हे कागद इथे सहज मिळत नाहीत. त्यासाठी बहात्तरवाल्यांनी एक मुलगा अमेरिकेत ठेवलेला असतो. इकडून मेतकूट जातं, तिकडून हे ट्रान्सफरचे कागद येतात. येताना ते बॅगेत नव्हे, हातातल्या फोल्डरमध्ये आणायचे, दुमडायचे नाहीत, उन्हात ठेवायचे नाहीत. सुनेला कॉफीपेक्षा आधी याची चौकशी ऐकावी लागते. जुना कागद वाईट. गोंद वाळतो आणि घासताना अक्षराला तडे जातात. थंड, कोरडी, अंधारी आणि सपाट जागा हवी, आणि अशी जागा मध्यमवर्गीय घरात एकच असते. पैठणीखाली. वहिनींना हे माहीत आहे. त्या लग्नाला निघाल्या की पैठणी बाहेर काढण्याचं काम बहात्तरवाले स्वतःच्या हाताने करतात आणि बायकोची किती ही काळजी, असं शेजारणींना वाटतं.

प्रत्यक्ष विधी रविवारी दुपारी. महिना मे असला तरी पंखा बंद, कारण कापलेला आकडा नखाएवढा असतो आणि उडाला की सोफ्याला चिकटतो. (एका घरात तो जावयाच्या कोपराला चिकटून नागपूरपर्यंत गेला आहे.) डोळ्याला घड्याळजीचं भिंग. हात साबणाने धुतलेले, विमान स्पिरिटने पुसलेलं, कारण बोटाचं तेल लागलं की गोंद धरत नाही. चिवडा खाणाऱ्या नातवंडांना हॉलमध्ये मज्जाव. घासायला शाई संपलेलं बॉलपेन, मोठ्या अक्षरांना क्रोशाची सुई. ती सुई शोधत वहिनी दारात येतात.

“अहो, माझी सुई?”

उत्तर नाही. श्वास रोखलेला असताना उत्तर देता येत नाही.

कागदाचा तुकडा चिकटपट्टीने विमानाच्या नाकावर बसवलेला असतो. पेन हलके हलके, एकाच दिशेने फिरतं. विमानाच्या नंबरातल्या पहिल्या ‘सी’चा काळा रंग कडेने करडा पडू लागतो, कागदापासून सुटल्याची ती खूण. आता कागद अगदी आडवा धरून मागे सोलायचा. ‘सी’ची शेपटी वर येऊ लागली तर कागद तसाच खाली टेकवून पुन्हा घासायचं, घाईने उचलला तर अर्धं अक्षर मिगवर आणि अर्धं हातात. उतरलं की पाठचा मेणकागद वर ठेवून पुन्हा एकदा दाबायचं. मग श्वास सुटतो.

“कुठली सुई?”

निशाणाचं वर्तुळ याहून कठीण. केशरी, पांढरा, हिरवा एकमेकांवर छापलेले. छापतानाच केसभर सरकले असतील तर देवही काही करू शकत नाही. “केशरी आत की बाहेर?” असं कुणी सहज विचारलं तर चहा उशिरा येतो. केशरी बाहेर, हिरवा मधोमध, हे तर आहेच. पण मग १९४२ पासून सुरुवात होते. तेव्हा जपानी विमानांवर लाल गोळा होता, म्हणून गफलत नको यासाठी इकडच्या विमानांच्या वर्तुळांतून लाल रंगच काढून टाकला आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर निळ्याच्या दोन छटा राहिल्या. एवढं सांगून होईपर्यंत पाहुण्यांची शेवटची लोकल गेलेली असते.

सगळ्यांत शेवटी सूचना. ‘इथे पाय ठेवू नका’, ‘इथून उचला’ वगैरे. विमानावरचं अडीच सेंटीमीटरचं अक्षर इथे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं होतं. ते पाहुण्यांना भिंगातून वाचायला लावतात. पाहुणे “वा, स्पष्ट आहे” म्हणतात आणि धुळीचा कण वाचत असतात. यांतल्या निम्म्या सूचना विमानाच्या पोटाखाली असतात, कपाटाच्या फळीकडे तोंड करून.

ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ विमानं जोडली जात होती, त्यामुळे नाशिककर बहात्तरवाला मिगच्या बाबतीत जरा जास्तच घरचा. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटच्या मिग-२१ ना निरोप दिला, तेव्हा या घरात टीव्हीसमोर कुणी बोललं नाही. मात्र दुपारी जेवताना, समारंभातल्या विमानाच्या शेपटीवरचा काळा रंग मॅट होता की सॅटिन, यावर चर्चा झाली.

बहात्तरवाल्याचा खरा परीक्षक दुसरा बहात्तरवालाच. तो येतो, चहा बाजूला ठेवतो, स्वतःचं भिंग काढतो. चांगली दहा मिनिटं. घरचे धनी खुर्चीच्या कडेवर.

“घासलंय छान.”

“हं.”

“पण हा नंबर टाइप ७७ मिगचा नाही. टाइप ९६ चा आहे.”

आपल्याला वाटतं, आता हाणामारी. पण धन्यांचा चेहरा उजळतो. चार महिन्यांत कुणीतरी आकडा खरोखर वाचलेला असतो! दोघं दोन पुस्तकं उघडतात, तीन फोटो ताडून बघतात, आणि ७७ वाला हरतो. वार्निश अजून मारायचं आहे, म्हणजे चिकटपट्टी लावून अक्षरं उपटता येतील; खालचा चंदेरी रंग सोबत आला तर आला.

“अगं, सेलोटेप कुठे आहे?”

वहिनी स्वयंपाकघरातून सेलोटेप घेऊन येतात, टेबलावर ठेवतात, आणि जाता जाता पंख्याचं बटण बंद करतात.