माळ्यावरचा मध्यस्थ

मराठी भुतं फार घरगुती असतात. शवपेटीत झोपणारा विलायती उमराव आपल्याकडे कुणाला धरत नाही. आपल्याला धरतात ती नात्यातली माणसं. मुंज झाली पण सोडमुंजीच्या आत गेला तो मुंजा, इस्टेटीत जीव अडकून राहिला तो समंध. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तिथे अजून रात्री हाक ऐकू येते म्हणतात, आणि तीसुद्धा काकांना मारलेली. आपल्याकडे मेल्यावरही माणूस नातेवाइकांशी बोलायचं सोडत नाही. ते सोडतात जिवंत माणसं.

आमचे अप्पाकाका आणि त्यांचा मुलगा यांनी ते सोडलं होतं. कारणाबद्दल दोघांचे दावे वेगळे आहेत, त्यात मी पडत नाही. काकू होती तोवर सगळं तिच्यामार्फत चालायचं. "त्याला म्हणावं, गाडी साडेपाचची आहे." हा 'तो' समोरच पोहे खात बसलेला असायचा. काकू गेली आणि ते टपालही बंद झालं.

राहिलं रत्नागिरीजवळचं बंद घर. एक गिऱ्हाईक आलं, मुक्कामाला राहिलं आणि उजाडायच्या आत निघून गेलं. म्हणे रात्री माळ्यावर कुणीतरी चालतं आणि रिकाम्या स्वयंपाकघरात भात शिजल्याचा वास येतो. गावाला तेवढं पुरे होतं. विक्रीला सह्या दोघांच्या लागणार, म्हणून भूत बघायलाही दोघांना जावं लागलं.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोन्ही हकिगतींत धीट माणूस निराळा आहे, बाकी सगळं जुळतं. वीज गेलेली. एक जण ओटीवर, एक माजघरात. माळ्यावर पावलं वाजली तेव्हा दोघेही कंदील भिंतीला टांगायच्या निमित्ताने माजघरात एकत्र आले. मग तो वास आला.

"आंबेमोहोर," अप्पा अंधाराला उद्देशून म्हणाले.

"इंद्रायणी आहे."

"तुझ्या आईनं इंद्रायणी या घरात कधी आणला नाही!"

"तुम्ही बाजारात कधी गेलात? पिशवी मी उचलायचो."

इथून जे सुरू झालं ते तासभर चाललं. वर कुणी चालतंय याचं भान राहिलं नाही. इंद्रायणी हे आंबेमोहोराच्या संकरातून तयार झालेलं, १९८७ मधलं वाण. म्हणजे वाद तांदळातही बापलेकांचाच होता. काकू नेमका कोणता तांदूळ शिजवायची हे सांगायला ती नव्हती, आणि ती नाही हे दोघांनी एकमेकांसमोर पहिल्यांदाच बोलून दाखवलं.

शेवटी पावलांनाच कंटाळा आला असावा. वरून काहीतरी धप्पकन पडलं. शिडी मुलानं धरली, अप्पा चढले (मुलाच्या मते उलटं). बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले आणि मागोमाग लांब शेपूट कौलांच्या फटीतून पसार झालं. उदमांजर! फळं खाऊन माळ्यावर झोपणारा निशाचर प्राणी. त्याच्या अंगाला कधीकधी सुवासिक तांदूळ शिजल्यासारखा वास येतो. कोकणातल्या कितीतरी समंधांची अब्रू यानं राखली असेल.

आता उदमांजराला मारता येत नाही, कायद्याचं संरक्षण आहे. ते बाहेर गेलेलं बघून फट बुजवायची. पण आत पिल्लं असली तर ती अडकायची, म्हणून आधी नीट बघायला हवं. म्हणजे पुन्हा मुक्काम, पुन्हा शिडी. फट कशानं बुजवायची यावर अप्पा मंगलोरी कौलांच्या बाजूचे, मुलगा पत्र्याच्या. त्यासाठी अप्पा आता थेट फोन करतात आणि "पत्रा? माझ्या घराला पत्रा?" एवढं बोलून ठेवून देतात. पाच मिनिटांत उलटा फोन येतो.

दलाल मात्र मला गाठतो. गिऱ्हाईक थांबवू की सोडू, असं विचारतो. मी त्याला सांगितलंय, माळ्यावर चौकशी कर.