शेगडी, धूर आणि फेस: एक तंजावरी मीमांसा

घराच्या गच्चीवर शेगडी पेटवून मासळी भाजत असता धुरावलेली बिअर प्यावी काय, आणि प्यावी तर ती नेमकी कुणी प्यावी, या प्रश्नाकडे शास्त्रकारांनी आजवर पाठच फिरवली आहे. तंजावरच्या सरफोजीराजांनी इंग्रजी पदार्थसुद्धा मराठी पाकशास्त्राच्या पोथीत उतरवून घेतले. त्याच परंपरेत ही आमची चिमूटभर भर.

प्रथम पेयलक्षण. जर्मनीत बाम्बेर्ग गावी सातूला मोड आणून तो बीच झाडाच्या लाकडाच्या धगीवर वाळवतात. धूर दाण्यात मुरतो, दाण्यातून बिअरमध्ये उतरतो, आणि पेला तोंडाशी नेला की वास येतो तो खारवून धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचा. श्लेंकेर्ला हा तिथला या संप्रदायाचा मठ. एके काळी मात्र यात विशेष असे काही नव्हते. लाकडाच्या जाळावर धान्य वाळवायचे म्हटल्यावर धूर आलाच. बिनधुराच्या भट्ट्या नंतरच्या.

यावरून आम्ही एक ऐतिहासिक सिद्धान्त काढतो. 1620 साली डेन्मार्कची माणसे तरंगंबाडीला उतरली, तंजावरच्या रघुनाथ नायकाशी त्यांनी करार केला आणि डान्सबोर्गचा किल्ला उठवला. उत्तरेकडच्या खलाशांच्या शिध्यात त्या काळी बिअर असे. ती लाकडाच्या जाळावरची, म्हणजे धुरकट. अर्थात व्यंकोजीराजांचे पाऊल या मुलखात पडण्याच्या अर्धशतक आधीच कावेरीच्या मुखाशी धुरावलेली बिअर येऊन दाखल झाली होती. प्रवास दीड वर्षाचा होता, तेव्हा पिंपे वाटेतच रिकामी झाली असतील, असा आक्षेप कुणी घेईल. घ्यावा. रिकाम्या पिंपालाही वास असतोच.

आता वर्तमानाचा पूर्वपक्ष. तमिळनाडूत 2003 पासून किरकोळ दारूविक्री सरकारी टास्मॅकच्याच हाती आहे. तिथल्या जाळीपलीकडच्या माणसाला बीचच्या लाकडाविषयी छेडणे म्हणजे मागच्या रांगेचा तळतळाट घेणे. कारैकाल कावेरीच्या याच त्रिभुज प्रदेशात, पण कारभार पुदुच्चेरीचा. तिथे नियम वेगळे, दर वेगळे. मात्र तिथली बाटली पिशवीत घालून हद्द ओलांडली तर मीमांसकाला उरलेला अध्याय पोलीस ठाण्यात लिहावा लागतो. घरी गाळावी तर कायदा आडवा. ताडीवर तर 1987 पासून बंदी. ज्या ताडाचा रस वर्ज्य, त्याच्याच पानाचा पंखा शेगडीला वारा घालायला चालतो, ही विसंगती आम्ही नुसती नोंदवून ठेवतो.

म्हणून शेगडीकडे वळू. कोळसा नारळाच्या करवंटीचा. मासा मरळ, ज्याला इथे विराल म्हणतात. कालव्यांच्या आणि भातखाचरांच्या गाळात वाढलेला, काटा कमी. जाड तुकड्यांना चिंचेचा कोळ, हळद, तिखट, मीठ आणि तेल चोळून तासभर ठेवावे. नवशिक्याचा समज असा की धूर कोळशाचा. कोळसा नीट फुलून वर राख धरली की धूर जवळजवळ देतच नाही. मग तुकड्यावरून मसाल्याचे तेल ओघळते, निखाऱ्यावर चर्र होते, आणि जो निळसर लोट उठतो तो खरा. त्यात तिखट असल्याने पहिला ठसका भाजणाऱ्याला, दुसरा शेजारच्या मामींना. मामी पक्क्या शाकाहारी. आडी महिन्यातल्या सोसाट्याच्या वाऱ्यात भाजायला बसले तर निम्म्याहून अधिक धूर त्यांच्याच वाळवणावर जातो. फुकट मिळालेल्या धुराने व्रत मोडते काय, यावर आमचे मत देण्यापूर्वीच त्यांनी आपले मत कठड्यावरून, खणखणीत तमिळमध्ये दिले आहे.

आता मुख्य शोध. नाक एकाच वासात काही मिनिटे राहिले की त्या वासाची वर्दी देणे सोडते. चांभारकुंडाशेजारी राहणाऱ्याला कुंडाचा वास येत नाही, तसेच. भाजणारा माणूस तासभर धुरात उभा. लाकडाच्या धुराला ओळख देणारे ग्वायकॉल म्हणून जे द्रव्य आहे, ते त्याच्या केसांत, मिशीत, बनियनच्या विणीत भरलेले. अशाच्या हाती बाम्बेर्गची अस्सल बाटली दिली तरी त्याला ती साधी, किंचित कडू बिअरच लागणार. धुरावलेल्या बिअरचा खरा अधिकारी म्हणजे वाऱ्याच्या उलट बाजूला खुर्ची टाकून बसलेला, काहीही न करणारा पाहुणा. शेकोटीभोवतीच्या सर्व संस्कृतींत कष्ट एकाचे आणि आस्वाद दुसऱ्याचा का, याचे उत्तर समाजशास्त्रात शोधू नये. ते नाकपुडीत आहे.

उरला पर्याय. ताक रवीने घुसळून फेस आणावा. मीठ, आले, कढीपत्ता घालावा. मधोमध वाटी तरंगत ठेवून तिच्यात लालबुंद निखारा, त्यावर चमचाभर तूप, चिमूटभर हिंग, आणि लगेच घट्ट झाकण. पाच मिनिटांनी झाकण काढावे. फेस आहे, धूर आहे, टास्मॅकची रांग नाही, मामींचीही हरकत नाही. उलट एक तांब्या त्यांच्याकडे पाठवला तर वाळवणाचे प्रकरण मिटण्याचा संभव आहे. या पेयाने काहीच चढत नाही, असा कर्मठ बिअरवाद्यांचा आक्षेप येईल. तो खरा आहे आणि आम्हाला त्यावर उत्तर सुचलेले नाही.

वाढण्याचा क्रम असा: धुंगारलेले ताक पाहुण्याला, मग मामींना, मग मुलांना. भाजणाऱ्याला बाजूला काढलेले बिनधुराचे ताक द्यावे आणि धुंगारलेलेच म्हणून सांगावे. तो मान डोलावून वा म्हणतो.